मंडळाची वही : अनुदानाचा अर्ज



गेल्या आठवड्यात महाबळेश्वरात पावसाची झड लागलेली असताना एक ताई प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. तालुक्यातल्याच एका वस्तीवरच्या. घरधनी हॉटेलात भांडी घासतो, या स्वतः हंगामात स्ट्रॉबेरीच्या रानात खुडणीला जातात. पदराखालून पिशवी काढली, पिशवीतून एक वही काढली आणि म्हणाल्या, "काका, सरकार मंडळास्नी अनुदान देतंय म्हणं. आमच्या महिला मंडळाला पोरांसाठी अभ्यासिका काढायचीय. अर्ज कुठं मिळतोय तेवढं सांगा."

चहा होईपर्यंत खरी गोष्ट बाहेर आली. खालच्या अंगाचा एक गृहस्थ दोनदा वस्तीवर येऊन गेला होता. "पाच लाख मंजूर करून आणतो, माझी वर ओळख आहे, दहा हजार आधी द्या, कागदाला लागतात," असे त्याने सांगितले होते. बायकांनी सहा हजार जमवलेही होते. एकीने शेळी विकली होती. राहिलेले चार हजार कुणाकडून उसने घ्यावे, एवढाच प्रश्न उरला होता.

मी त्यांना पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की त्या माणसाला एक पैसाही देऊ नका. सरकारी अनुदानाचा अर्ज करायला मध्यस्थ लागत नाही आणि मंजुरीचा 'खर्च' म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तो एकतर लबाड आहे, नाहीतर लाचेचा वाटेकरी आहे. शेळी विकलेल्या बाईचे पैसे परत करा. बाकीचे मंडळाच्या नावाने बँकेत ठेवा, त्यांचा उपयोग पुढे सांगतो.

ताईंना वाटत होते की अनुदान मागणे म्हणजे सरकारपुढे हात पसरणे, म्हणून कोणीतरी वशिल्याचा माणूस हवा. आपल्यातल्या पुष्कळांना असेच वाटते. त्यांना मी सोलापूरची गोष्ट सांगितली, ती इथेही सांगतो.

बहिष्कृत हितकारिणी सभा २० जुलै १९२४ रोजी स्थापन झाली. सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. या वसतिगृहाला सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपये अनुदान दिले होते. वर्षाचे ४८० रुपये झाले. आज हा आकडा लहान वाटतो. पण त्यामागचा क्रम बघा. आधी सभा, तिची घटना, तिचे पदाधिकारी. मग चालू झालेले काम. आणि त्या कामाला नगरपालिकेचा हातभार. नगरपालिकेच्या तिजोरीत आपल्याही लोकांचा कर होता, तेव्हा ते ४० रुपये भीक नव्हती.

अनुदान या शब्दाची ताकद त्याच काळात दुसऱ्या बाजूनेही दिसली. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, तळी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. ठराव झाला, पण गावोगावच्या संस्था तो कागदावरच ठेवू लागल्या. तेव्हा बोले यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी आणखी एक ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हे पाळणार नाहीत त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला होता, तोही अमलात आला नाही. पुढे २० मार्च १९२७ ला तिथे काय घडले ते आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. आमच्या महाबळेश्वरातून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला गेले की पुढे महाड येते. त्या रस्त्याने जाताना मला नेहमी वाटते, चवदार तळ्याच्या गोष्टीत हा अनुदानाचा धागाही आहे आणि तो आपण फारसा सांगत नाही.

१९२८ साली मुंबई सरकारने दलित विद्यार्थ्यांसाठी पाच वसतिगृहे मंजूर केली आणि ती चालवण्याचे काम बाबासाहेबांच्या संस्थेकडे आले. पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे आणि धारवाड ही ती ठिकाणे. सरकारचे अनुदान पुरेना, म्हणून बाबासाहेबांना देणगीसाठी लोकांना आवाहन करावे लागले. हे वाक्य मी ताईंना दोनदा सांगितले. अनुदान मिळाले तरी ते पुरत नाही. शंभर वर्षांपूर्वी पुरत नव्हते, आजही पुरत नाही.

आता आमची स्वतःची फजिती सांगतो. मी एस.टी.त कारकुनी करत होतो तेव्हा आमच्या मंडळाने एका योजनेसाठी अर्ज केला होता. काम चांगले होते, शाळकरी मुलींसाठी शिवणवर्ग. कार्यालय कोणते ते सांगत नाही. अर्ज तीन वेळा परत आला. पहिल्यांदा लेखापरीक्षण अहवाल जोडला नव्हता. दुसऱ्यांदा जागेचा कागद नव्हता. तिसऱ्यांदा टेबलावरच्या साहेबांनी विचारले, "तुमचे अध्यक्ष कोण?" आम्ही नाव सांगितले. ते म्हणाले, "धर्मादायच्या नोंदीत वेगळेच नाव आहे." ते नाव आमच्या जुन्या अध्यक्षांचे होते. त्यांना जाऊन चार वर्षे झाली होती! निवडणूक आम्ही घेतली होती, इतिवृत्तही लिहिले होते, पण फेरफार अर्ज कोणी दाखल केला नव्हता. कागदोपत्री आमचे मंडळ एक मेलेला माणूस चालवत होता. तोवर मार्च संपला, त्या वर्षाचा पैसा गेला. टेबलावरच्या साहेबांनी तिन्ही उणिवा एकदम सांगितल्या असत्या तर आमच्या दोन खेपा वाचल्या असत्या, हे खरेच. पण फेरफार न करणे ही चूक आमची होती.

म्हणून ताईंच्या वहीत मी सगळ्यात आधी लिहिले: नोंदणी. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था नोंदवायला निदान सात सभासद लागतात. आपल्याकडे तिची नोंद सार्वजनिक न्यास म्हणूनही होते; तो कायदा १९५० चा, पूर्वी मुंबईच्या नावाने होता, आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणतात. सातारा जिल्ह्याचे काम साताऱ्याच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात चालते. पदाधिकारी बदलले, कोणी वारले, कोणी राजीनामा दिला, की ९० दिवसांत फेरफार अर्ज द्यायचा. ३१ मार्चला हिशेब बंद करून सनदी लेखापालाकडून तपासून घ्यायचे. पॅन कार्ड मंडळाच्या नावाचे, बँकेचे खाते मंडळाच्या नावाचे आणि सह्या दोघांच्या. ताईंचे मंडळ नोंदवलेले आहे, पण बँकेचे खाते अध्यक्षबाईंच्या स्वतःच्या नावावर निघाले. त्यांची दानत चांगली आहे, त्याविषयी शंका नाही. पण सरकार अनुदान व्यक्तीला देत नाही, संस्थेला देते.

मग ताईंचा मूळ प्रश्न, अर्ज कुठे करायचा? इथे बहुतेक मंडळे एकच चूक करतात. वर्तमानपत्रात मोठ्या योजनेचे नाव वाचतात आणि आपले काम त्या योजनेत कोंबायला बघतात. अनुसूचित जातींसाठी काम करणाऱ्या संस्थांना अनुदान देण्याची केंद्र सरकारची योजना १९५३-५४ पासूनची आहे. तिचा मुख्य रोख संस्थांनी चालवलेल्या शाळा आणि वसतिगृहे यांच्यावर आहे. त्यासाठी नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावर संस्थेची नोंद लागते, मागच्या वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब लागतात, अर्जही संगणकावरून जातो. वस्तीवरची संध्याकाळची अभ्यासिका तिथे बसत नाही. उगाच 'निवासी वसतिगृह' असे लिहून अर्ज केला आणि तपासणीला साहेब आले तर खाटा कुठून दाखवणार?

अभ्यासिकेसाठी दारे जवळची आहेत. गावात राहणाऱ्यांसाठी पहिले दार ग्रामपंचायत. तिने आपल्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्चायचे असतात. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला २० टक्के हिस्साही असाच राखलेला असतो, त्यासाठी जिल्हा परिषदेतल्या जिल्हा समाज कल्याण अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. साताऱ्यात समाज कल्याणाची दोन कार्यालये आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एक जिल्हा परिषदेतले, दुसरे राज्य शासनाच्या सहायक आयुक्तांचे. संस्थांनी चालवलेली अनुदानित वसतिगृहे आणि वस्ती विकासाची कामे जिल्हा परिषदेकडे. सरकारी वसतिगृहे सहायक आयुक्तांकडे. एकाच्या दारात दुसऱ्याचा अर्ज घेऊन बसलात तर दिवस फुकट आणि महाबळेश्वर-मेढा-सातारा जाण्यायेण्याचे भाडे वेगळे.

वस्तीत समाजमंदिर, रस्ता, गटार, दिवाबत्ती हवी असेल तर अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना आहे. जुने लोक तिला दलित वस्ती सुधार म्हणून ओळखतात. तिचा पैसा मंडळाच्या खात्यावर येत नाही, काम ग्रामपंचायतीमार्फत होते. निधी वस्तीच्या लोकसंख्येवर ठरतो आणि वस्तीचे नाव पंचवार्षिक आराखड्यात असावे लागते. तेव्हा आपले काम म्हणजे ग्रामसभेत उठून बोलणे, ठरावात आपल्या वस्तीचे नाव आले की नाही ते वाचून बघणे आणि लोकसंख्येचा आकडा बरोबर लागला की नाही ते तपासणे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ताईंना मी विचारले, कधी गेलात का? "आमाला कुणी बोलवत न्हाई," म्हणाल्या. बोलावणे येणार नाही, दवंडीची वाट बघू नका. जा, बसा, आणि बोललेले इतिवृत्तात लिहून घ्या.

पुस्तकांसाठी आणखी एक वाट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळते. नवीन मान्यतेचे काय चालले आहे ते साताऱ्याच्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना विचारून मगच कपाट विकत घ्यावे.

महाबळेश्वरची म्हणून एक खास अडचण आहे, ती वाई-कोरेगावच्या मंडळांना नसते. ताईंच्या मनात नवीन खोली बांधायची होती. पण महाबळेश्वर-पाचगणीचा भाग २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. वनजमीन कुठे संपते आणि गावठाण कुठे लागते, यावरच निम्मे वाद. बांधकामाच्या परवानगीत वर्षे जातात आणि अनुदान तर आर्थिक वर्षाशी बांधलेले असते. त्यात पाऊस. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर भिंत उभी करता येत नाही, वाळू-सिमेंट घाट चढून येते तेव्हा त्याचा भाव वाढलेला असतो, आणि दिवाळीनंतर मजूर स्ट्रॉबेरीच्या रानात नाहीतर हॉटेलात. म्हणजे कामाला खरे महिने चार, त्यातच मार्च अखेर. असे असताना बांधकामाचे अनुदान मागून अडकण्यापेक्षा असलेली जागा वापरा, असे माझे मत आहे. कोणाला पटणार नाही, कारण आपल्याला स्वतःची इमारत हवी असते, पाटी हवी असते. मलाही हवी होती.

ताईंच्या वस्तीत समाजमंदिर आहे. पत्रा गळतो, दिवे दोन, त्यातला एक बंद. मग मागणी ठरली: पत्र्याची दुरुस्ती ग्रामपंचायतीकडे, बाके, दिवे आणि पुस्तकांचे कपाट १५ टक्क्यांतून, आणि पुस्तके लोकांकडून. समाजमंदिर ग्रामपंचायतीच्या मालकीचे आहे, म्हणून वापराला लेखी परवानगी घ्यायची. 'आपलेच आहे' म्हणून भागत नाही. अर्जाला नमुना आठचा उतारा आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा लागतो.

अर्ज लिहायला बसलो तेव्हा ताईंनी आपली वही उघडली. मी थक्क झालो. वस्तीतल्या प्रत्येक घराचे नाव, पोरांची इयत्ता, घरात वीज आहे का, पोर संध्याकाळी कुठे बसते, सगळे मोडक्या अक्षरात लिहिलेले. एका पोरापुढे लिहिले होते, 'बाप पितो, भायेर बसतो'. दुसऱ्या मुलीपुढे, 'दहावी, भावाला घेते'. कोणीही शिकवलेले नसताना बाईंनी पाहणी केली होती! असा कागद त्या दहा हजारवाल्या गृहस्थाला जन्मात करता आला नसता.

बाकी मी फक्त रचना केली. अर्जात समाजाच्या दुःखाचे लांब वर्णन नको, बाबासाहेबांचे वचन वर घालून खाली आकडे विसरू नका. मुले किती, मुली किती, कोणत्या इयत्तेत, अभ्यासिका किती ते किती चालणार, चावी कोणाकडे, वीजबिल कोण भरणार. यातला शेवटचा प्रश्न कार्यालयात नक्की विचारतात, कारण कपाट घेऊन वर्षात कुलूप लागलेल्या अभ्यासिका त्यांनी पुष्कळ पाहिल्या आहेत. इथे ताईंचे बँकेत ठेवायला सांगितलेले पैसे कामाला आले. दोन वर्षांचे वीजबिल मंडळ स्वतः भरेल, एवढी रक्कम आत्ताच खात्यात आहे, असे आम्ही लिहिले आणि पासबुकाची प्रत जोडायचे ठरवले. केंद्राच्या कितीतरी योजनांत दहा टक्के खर्च संस्थेने करायचा असा नियम राहिला आहे. हा आमचा दहा टक्के. शाळेच्या मुख्याध्यापकांचे एक पत्र घ्या असे सांगितले. दरपत्रके तीन दुकानांची घ्या, एकाच दुकानदाराच्या तीन वेगवेगळ्या पावत्यांवर नको. हसू नका, असे होते. अर्जाच्या दोन प्रती, आणि दुसरीवर आवक क्रमांक व तारखेची पोच. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचे नाही.

पोच असली की पुढचे हत्यार हातात येते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. दहा रुपयांच्या शुल्कात विचारता येते की आमचा अमुक क्रमांकाचा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे आणि त्यावर काय शेरा आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. ३० दिवसांत उत्तर यावे लागते. पण हे दोन्हीकडून चालते. ज्या संस्थेला सरकारकडून मोठा पैसा मिळतो ती संस्थाही या कायद्याखाली येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले आहे. उद्या वस्तीतलाच कोणी तुम्हाला विचारेल, बाके किती आली, कितीला आली. चिडायचे नाही, वही दाखवायची.

पैसा आल्यावरचे काम अर्जापेक्षा अवघड. ज्या कामाला मंजुरी, त्याच कामावर खर्च. बाकांचे पैसे जयंतीच्या मंडपाला, 'नंतर भरू' म्हणून, एकदा वापरले की संपले. केंद्राच्या अनुदानावर बँकेत व्याज पडले तर तेही सरकारचे. उरलेली रक्कम परत. घेतलेल्या वस्तूंची नोंदवही वेगळी आणि त्या वस्तू मंजुरीशिवाय विकता येत नाहीत. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत उपयोगिता प्रमाणपत्र गेले नाही तर पुढचा हप्ता बंद. आपल्या किती मंडळांचा दुसरा हप्ता या एका कागदापायी अडला असेल! चोरी कोणी केलेली नसते. पावत्या कोणाच्या तरी ट्रंकेत असतात आणि तो मुंबईला गेलेला असतो.

आणि हप्ता उशिरा येतो, कधी येतच नाही. आपल्याच साताऱ्यातल्या रयत शिक्षण संस्थेचे अनुदान १९४८ साली मुंबई सरकारने बंद केले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांसारख्या माणसाच्या संस्थेवर ही वेळ आली. संस्था टिकली, कारण १९१९ पासून तिच्यामागे गावोगावचे मूठभर धान्य आणि आणे-रुपये उभे होते. ताईंनी हे ऐकल्यावर विचारले, "मग काका, अनुदान न्हाई आलं तर?" मी म्हटले, गळणाऱ्या पत्र्याखाली एक कोरडा कोपरा आहे ना? तिथे दिवा लावून उद्यापासून पोरे बसवा. हजेरी लिहा. अर्ज चालू कामासाठी गेला की त्याचे वजन वाढते, आणि नाही मंजूर झाला तरी दहावीची ती मुलगी या वर्षीच परीक्षेला बसणार आहे.

ताई रविवारी पुन्हा आल्या होत्या. शेळीचे पैसे परत केले म्हणाल्या, पण शेळी काही परत मिळाली नाही. बँकेत मंडळाच्या नावाने खाते उघडायचा ठराव सात जणींच्या सह्यांनी झाला आहे. त्यातल्या तिघींनी अंगठा नाही, सही केली. मधल्या आळीतल्या एका वायरमनने दुसरा दिवा फुकट लावून दिला. हजेरीत पहिल्या दिवशी अकरा पोरे, दुसऱ्या दिवशी एकोणीस. फेरफार अर्ज राहिला आहे का ते बघायला त्यांचे नोंदणीपत्र मी ठेवून घेतले आहे. दोन जुन्या पदाधिकारी सासरी गेल्या आहेत, त्यांची नावे अजून तशीच आहेत. साताऱ्याला एक खेप होणार.

ज्या मंडळांना आपले कागद तपासून हवे असतील त्यांनी साप्ताहिकाच्या पत्त्यावर मूळ प्रती पाठवू नयेत, झेरॉक्स पाठवावी.